तुराट्यांचं इंजन

माझ्या भावाच्या गाडीत डिझेल इंजन बसवायचं, हे आम्ही एक अख्खा उन्हाळा मायपासून लपवून ठेवलं. आम्ही म्हणजे मी आणि वैनी. दोघांनाही लपवाछपवीची सवय नाही. वैनी खोटं बोलायला लागली की तिचा आवाज चढतो, आणि मी खोटं बोललो तर पोरंसुद्धा ओळखतात. पण तो उन्हाळा निभावला खरा, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

ही गोष्ट नव्वदीतली. आमचं गाव भोकरदन आणि राजूरच्या मधलं, मेन रोडपासून आत. जमीन बरी आणि विहिरीला पाणीही बरं, त्यामुळे मिरची करायचो. दादानं म्हणजे माझ्या थोरल्या भावानं एक जुनी, लहान पिकअप गाडी घेतली होती, पेट्रोलवर चालणारी. मिरचीचा तोडा झाला की पोती भरून मार्केटला न्यायची, चतुर्थीला राजूरच्या गणपतीला माणसं सोडायची, कुणाचं बाळंतपण अडलं तर रात्री-अपरात्री जालन्याला पळायचं. दादाला गाडीचं वेड होतं. बिघडली तरी हा खूश, कारण मग खोलायला मिळायची. त्या इंजनाचा प्रत्येक नट त्याच्या हातानं कधी ना कधी फिरलेला होता.

मग दादा गेला. साधी कावीळ म्हणता म्हणता गेला. आधी गावठी औषध, मग भोकरदन, मग जालना, आणि तिथून आणला तो त्याच गाडीत, मागच्या हौद्यात. गाडी मी चालवत होतो. याच्यावर मला जास्त काही लिहायचं नाही.

त्या गाडीचा आवाज मात्र सांगायला पाहिजे, कारण सगळं त्या आवाजावरच आहे. ओढा ओलांडला की आमच्या गावात शिरायला एक खडा चढ आहे. तिथं गाडी दुसऱ्या गेरात घ्यावी लागायची, आणि घेतली की इंजन एकदम चढ्या आवाजात ओरडायचं. सायलेन्सरला चीर पडलेली होती, त्यामुळे असा आवाज पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्याच गाडीला नव्हता. दादा असताना संध्याकाळी तो आवाज झाला की माय हातातलं काम टाकून उठायची, "आला" म्हणायची आणि ओट्यावर येऊन उभी राहायची. दादा उतरला की त्याला आधी शिव्या, उशीर का केला म्हणून, आणि मग पाणी.

तेरावा झाल्यावर गाडी माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी मार्केट करून परत आलो, चढाला दुसरा गेर टाकला, इंजन ओरडलं, आणि दारात गाडी थांबवून पाहतो तर माय ओट्यावर उभी. डोक्यावर पदर, एक हात खांबाला. मी उतरलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं, गाडीच्या दाराकडं पाहिलं. अजून कुणी उतरतं का म्हणून. मग ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी चिडका माणूस आहे, माझं डोकं लवकर फिरतं, पण चिडायचं कुणावर? तिनं काही म्हटलंच नव्हतं. ती फक्त यायची, पाहायची आणि आत जायची. पुढं पुढं मला गाडीचं दार उघडायची धास्ती बसली. दारात गाडी बंद करून मी उगाच आत बसून राहायचो, चिल्लर मोजल्यासारखं करायचो. उतरलो की आपण कुणीतरी नसल्याची बातमी घेऊन उतरतोय, असं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? आई माझी वाट पाहत नाही, असं?

गावाला काय, जीभ फुकट असते. दुखवट्याला आलेल्या एका म्हातारीनं जाता जाता वैनीला सांगितलं, "तुह्या सासूचा जीव त्या आवाजात अडकला हाय बाई. गाडीला हात लावू नका, न्हाईतर म्हातारी हातची जाईल." झालं. तो आमच्या घरचा कायदा झाला. गाडी विकायची नाही, इंजन बदलायचं नाही, सायलेन्सरची चीरसुद्धा वेल्डिंग करायची नाही.

कायदा ठीक आहे, पण पेट्रोलला तो कळत नव्हता. वर्षं गेली, गाडी आणखी जुनी झाली तशी पेट्रोल ढोसायला लागली. भाव पडलेला असला की मिरचीचं सगळं जाण्या-येण्यातच जळून जायचं. दुसऱ्याचा टेम्पो सांगावा तर तो त्याच्या सोयीनं येणार, तोवर मिरची उन्हात मऊ पडणार. वैनी शेताचं सगळं पाहायची. माहेरचे न्यायला आले तेव्हा तिनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. एक दिवस पोती उतरवताना ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"भाऊजी, एक सांगा. आपण मिरची पिकवून राह्यलो का पेट्रोल?"

"मंग काय करू म्हंता?"

"डिझेल टाका."

"आन माय?"

तिनं एक पोतं खाली घेतलं. मग म्हणाली, "आत्याला मी सांगंन. आत्ताच विषय नका काढू. आधी व्हतंय का ते तर पाहा." यातलं "आत्ताच विषय नका काढू" तेवढं आम्ही दोघांनी घट्ट धरलं.

भोकरदनला एक मिस्तरी होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. दादाचं आणि त्यांचं जमायचं, दोघं तासन्‌तास एका कार्बोरेटरवर वाद घालायचे. त्यांना विचारलं. चाचांनी आधी बॉनेट उघडून आत पाहिलं, मग बिडी पेटवली, आणि ती संपेपर्यंत बोलत राहिले. भंगारात गेलेल्या एका जीपचं डिझेल इंजन औरंगाबादला आहे, चांगलं आहे. पण ते जड. म्हणजे पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवावा लागेल. गेरबॉक्स जुनाच ठेवायचा तर इंजन आणि गेरबॉक्सच्या मधात जाड प्लेट पाहिजे, ती जालन्याहून लेथवर करून आणावी लागेल. बॅटरी मोठी. रेडिएटर पुढं सरकवायचा. उरलेलं डिझेल टाकीत परत न्यायला वेगळी नळी. आणि सगळं झाल्यावर आरटीओत जाऊन कागदावर इंजनाचा नंबर बदलायचा.

"पर पयले हे पाहा की बसते का न्हाई," चाचा म्हणाले. "इंजनाखालचं आइलचं चेंबर गाडीच्या आडव्या पट्टीला लई लागलं तर समदा खर्चा पान्यात."

पंचाईत अशी की भंगारवाला इंजन पाहायला द्यायला तयार होता, न्यायला नाही. एकदा नेलं की तुमचं. बसलं नाही तरी तुमचं. माप आणता येणार होतं, इंजन आणता येणार नव्हतं. मी हे घरी येऊन वैनीला सांगितलं, ती मिरच्यांची देठं खुडत होती.

"माप आना. इंजन मी करते," ती म्हणाली.

मला हसू आलं. "तुम्ही? इंजन?"

"कणगी करते का न्हाई मी?"

आता कणगी म्हणजे धान्य ठेवायची. तुरीच्या तुराट्या भिजवून त्यांचा मोठा पिंप विणायचा आणि आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपायचा. आमच्याकडे सगळ्याच बायांना येते, वैनीला फार चांगली येते, आणि तिला ती शिकवली मायनं. तर त्याच पद्धतीनं ती इंजन करणार होती. पोकळ, हलकं, पण बाहेरून बराबर मापाचं. मी चाचांना सांगितलं तेव्हा मला वाटलं ते हसतील. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "लाकडाच्या ठोकळ्यापेक्षा बरं. कापता येते, म्हंजे जागा किती कमी पडते ते कळते."

मी आणि चाचा औरंगाबादला गेलो. चाचांना आकडे नको होते, आकडे ऐकताना चुकतात म्हणाले. त्यांनी सुतळ्या घेतल्या. एक सुतळी लांबीची, एक उंचीची, एक चेंबरच्या खोलीची, एक बाजूला निघालेल्या पंपाची. प्रत्येकीला गाठी मारल्या आणि कोणती कशाची ते कळावं म्हणून टोकाला रंगीत चिंध्या बांधल्या. एस्टीत मी तो सुतळ्यांचा झुबका मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, "बैलाचा साज हाय का?" मी हो म्हणालो. काय सांगणार?

वैनी दुपारी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या आमच्या खोपीत, विणायला बसायची. माय गुडघ्यांमुळे शेतात येत नव्हती, त्यामुळे जागा सुरक्षित होती. अडचण आली ती शेणाची. लिंपायला शेण लागतं आणि गोठा घरी. वैनी टोपलं भरभरून शेण शेतात न्यायला लागली, आणि मायच्या गोवऱ्या कमी पडायला लागल्या.

"शेण कुठं जाऊन राह्यलं गं?"

"आखाडा सारवायचाय आत्या," वैनी चढ्या आवाजात म्हणायची.

"परवा सारवला ना?"

"उखडलाय पुन्हा."

"आखाडा हाय का मंदिर?" माय पुटपुटायची. मी तिथून काढता पाय घ्यायचो.

याच दिवसांत गाडीची क्लचप्लेट गेली आणि गाडी गॅरेजला पडून राहिली. संध्याकाळचा आवाज बंद. आम्हाला वाटलं आता माय खचणार. पण त्या दिवसांत ती नीट जेवली, शेजारणीशी ओट्यावर बसून हसली सुद्धा. आम्ही दोघं शहाणे म्हणालो, पन्हं मानवलं असेल. गाडी परत आली तशी ती पुन्हा गप्प झाली, आणि तरीही आमच्या डोक्यात उजेड पडला नाही.

इंजन तयार झालं. पुढं पंख्याचं नाक, खाली चेंबरचं पोट, कडेला पंपाचं टेंगूळ. मी म्हणालो, आजारी वासरावाणी दिसतंय. वैनीनं ओला हात माझ्या सदऱ्याला पुसला. दादा गेल्यापासून तिनं केलेली ती पहिली मस्करी.

आता ते बसवून पाहायचं तर जुनं इंजन काढणं आलं. ठरलं असं, की सकाळी गाडी आखाड्यावर न्यायची, चाचांनी इंजन काढायचं, तुराट्यांचं बसवून पाहायचं, खुणा करायच्या, आणि दिवस मावळायच्या आत जुनं इंजन परत बसवून मी चढावर दुसऱ्या गेरात घरी यायचं. मायला आवाज चुकायला नको. चाचा म्हणाले, "तुम्ही लोग येडे हाव," पण आले.

आंब्याच्या फांदीला साखळी-पुली बांधली. नट ढिले केले, पाइप सोडले, साखळी ओढली, आणि दादाचं इंजन गाडीतून वर आलं. ते तसं हवेत लोंबकळायला लागलं. वैनीनं तिकडं पाहिलंच नाही, ती तुराट्यांचं इंजन उचलून घेऊन आली. आत ठेवलं. लांबी बसली. उंची बसली. चेंबर मात्र आडव्या पट्टीवर टेकलं. पट्टी किती खाली घ्यावी लागेल ते कळावं म्हणून वैनीनं विळ्यानं तेवढा भाग कापला, पुन्हा ठेवलं, बसलं. मी टाळी वाजवणार तेवढ्यात चाचांनी चारही बाजूंनी बोट घालून पाहायला सुरुवात केली. पंपापाशी त्यांचं बोट जाईना.

"बसलं ना चाचा!"

"हे शेन हाय, गप बसते. इंजन हालते, बाबा. बोट गेलं पायजे समद्याकून."

वैनी पुन्हा विळा घेऊन वाकली. आणि मी घाम पुसायला मान वर केली तर बांधावरून माय येत होती.

काठी टेकत, थांबत थांबत. शेण कुठं जातंय ते पाहायला निघाली होती, हे तिनं नंतर सांगितलं. पळायला किंवा लपवायला वेळच नव्हता, आणि एवढं मोठं इंजन लपवणार कुठं? ती आंब्याखाली आली. लोंबकळणाऱ्या इंजनाकडं पाहिलं. बॉनेटमधल्या तुराट्यांकडं पाहिलं. वैनी विळा घेऊन तशीच उभी. चाचांनी बिडी विझवली.

"हे काय?" माय म्हणाली.

मी भडाभडा बोलायला लागलो. "काही न्हाई माय, नुसतं माप पाहून राह्यलो. परत बसवतो ना, सांजच्या आत बसवतो. तू काळजी करू नको. आवाज बंद व्हनार न्हाई तुझा."

"माझा?"

"तुझ्यासाठीच तर..."

ती आंब्याच्या बुंध्यापाशी बसली. काठी मांडीवर आडवी घेतली.

"मला ह्याचा आवाज पायजे, असं कोनी सांगितलं तुम्हाला?"

मी वैनीकडं पाहिलं, वैनीनं माझ्याकडं.

"रोज दिस मावळला की हे चढावर वरडतं. मला ठावं असतं, तो न्हाई. ठावं असून पाय उठतेत. दारात येऊन हुभी राहते, आन कोनी उतरत न्हाई. रोज मरतो माझा लेक. एकदा मेला तेवढं बस न्हाई झालं का रे?" मग थोडं थांबून म्हणाली, "म्हटलं, सुनंला नवऱ्याची तेवढीच निशानी हाय. पोराला भावाची गाडी चालवून बरं वाटत असंल. माझ्यापायी कशाला मोडा, म्हनून गप राह्यले."

वैनीच्या हातातला विळा खाली पडला. "आत्या, मलाबी तसंच व्हायचं. मी चुलीम्होरं कान दाबून बसायचे." आणि ती रडायला लागली. दादाच्या वेळी ती एवढी रडली नव्हती. तेव्हा माणसं होती, रडायला लाज वाटली असेल.

मला रडू आलं नाही, मला राग आला. हातातला पाना मी ढेकळांत फेकला. "मंग बोलायचं व्हतं ना कोनीतरी! इतकी वर्षं पेट्रोल जाळलं, इतकी वर्षं..."

"तू बोल्लास का?" माय म्हणाली.

"मला उतरायची भीती वाटती माय," मी म्हणालो. कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. "मी उतरतो आन तू माझ्या मागं पाहतीस. तू म्हन्लीस कोनी उतरत न्हाई. मी उतरतो ना. मी रोज उतरतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. चाचा पाठ करून उगाच साखळी तपासत होते. मग माय काठी टेकून उठली, गाडीपाशी गेली, आणि तुराट्यांवरून हात फिरवला. "ही बाजू कच्ची राह्यली गं लिंपायची," ती वैनीला म्हणाली. मग मला म्हणाली, "ते परत बसवू नको." आणि आली तशी बांधावरून निघून गेली. वैनी तिच्यामागं धावली आणि तिचा हात धरला.

त्यानंतर घाई राहिली नाही, पण काम जोरात झालं. वैनीनं बोट जाईल एवढी जागा सगळीकडून कापून दिली, चाचांनी त्या कापांच्या मापानं आडवी पट्टी बदलली आणि बाकीची जागा केली, जालन्याहून प्लेट आली, पाटा वाढला. दादाचं इंजन चाचा घेऊन गेले, त्याचं पुढं काय झालं ते आम्ही विचारलं नाही. खरं डिझेल इंजन आलं तेव्हा ते वैनीनं केलेल्या जागेत पहिल्या झटक्यात उतरलं. चाचांनी वैनीला लांबूनच हात जोडले. आरटीओच्या चकरा झाल्या, त्या सगळ्यांना माहीत असतात तशाच झाल्या. मिरचीचा पहिला तोडा सुरू व्हायच्या आत गाडी रस्त्यावर आली.

पहिला माल टाकून परतलो तेव्हा दिवस मावळला होता आणि गावची लाइट गेलेली होती. चढाला मी सवयीनं गेर बदलायला हात घातला, पण हे इंजन तिसऱ्यातच खड्‌खड्‌ करत वर चढलं. मी दारात गाडी थांबवली. ओट्यावर कुणी उभं नव्हतं. अंधारात नीट पाहिलं तेव्हा कळलं, माय खाली बसलेली आहे, मांडीवर सूप घेऊन. ती उठली नाही. तिला गाडी ओळखूच आली नव्हती. मला वाटलं होतं मला हलकं वाटेल, पण माझा हात दारावरच राहिला.

"कोन हाय?" तिनं विचारलं.

"मी हाय, माय."

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मंग उतर ना बाबा," ती म्हणाली. "तुझीच वाट पाहून राह्यले."